सात मैलांच्या आत

ताई डॅलसच्या विमानतळावर उतरली तेव्हा तिच्याकडे एकच बॅग होती आणि ती हलकी होती. मी ती उचलून गाडीत ठेवली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तीन आठवड्यांसाठी येणारं माणूस हलकी बॅग आणतं, हे ठीक आहे. पण पुढे कायमचं राहायला येणारं माणूस पहिल्या फेरीत काहीतरी मागे ठेवून जायला आणतं. एखादं जाड पांघरूण, देवाची तसबीर, तिकडे न लागणारी भांडी. ताईने आणले होते शॉर्टब्रेड बिस्किटांचे डबे, दोन स्वेटर आणि चालायचे बूट. डबे आम्ही खाऊन संपवणार होतो आणि बूट ती परत नेणार होती.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्न झाल्यावर ती दाजींबरोबर स्कॉटलंडला गेली आणि तिथल्या एका छोट्या गावात राहिली. दाजी कागदाच्या कारखान्यात इंजिनिअर होते, ताई गावातल्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. त्यांना मूल नाही. दाजी तीन वर्षांपूर्वी गेले. मी इकडे डॅलसजवळच्या फ्रिस्कोत आहे, प्लेनोतल्या एका विमा कंपनीत हिशेब जुळवण्याचं काम करतो. अमेरिकेचा नागरिक झालो त्याच महिन्यात मी ताई आणि दाजींसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज भरला होता. भावाने बहिणीसाठी भरायच्या अर्जाची रांग सगळ्यात लांब, आणि जन्म भारतातला असला की आणखी लांब. तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. आता ती दूर दुसऱ्या राज्यात पीएचडी करते. मधल्या काळात दाजी गेले, ताई निवृत्त झाली, आणि गेल्या पावसाळ्यानंतर, म्हणजे तिकडच्या हिशेबाने गेल्या शरदात, तिचा नंबर लागला.

नंबर लागला की वर्षभरात पुढची हालचाल करावी लागते. नाही केली तर अर्ज रद्द होतो. एवढी वर्षं मी दर महिन्याला रांगेची तारीख पाहत आलो होतो. कधी ती पुढे सरकायची, कधी चक्क मागे जायची. बायको म्हणायची, तू शेअर बाजार बघत नाहीस तेवढं हे बघतोस. तारीख आली तेव्हा मी खालची बेडरूम रंगवून घेतली, तिथल्या बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला आणि पलंगाची उंची कमी केली. ताईला गुडघ्यांचा त्रास नाही. पण होईल, असा माझा अंदाज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी थालीपीठ खाताना तिने ते सांगितलं.

"मला लॉर्ड लेफ्टनंटनी विचारलंय," ती म्हणाली. "डेप्युटी होशील का म्हणून."

लेफ्टनंट म्हटल्यावर मला सैन्यच आठवलं. बायकोला टेक्ससचा लेफ्टनंट गव्हर्नर आठवला, जो इथला बराच वजनदार माणूस असतो. ताईने आम्हां दोघांनाही थांबवलं आणि औषध कसं घ्यायचं हे गिऱ्हाइकाला सांगावं तसं सावकाश सांगितलं. तिथल्या प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राजाचा एक प्रतिनिधी असतो. राजा स्वतः आला तर त्याला उतरवून घ्यायचं, आणि राजा येत नाही त्या बाकी सगळ्या दिवशी त्याच्या जागी उभं राहायचं. कुणाला पदक मिळालं तर ते हातात द्यायचं. नव्याने नागरिक होणाऱ्यांच्या समारंभात हजर राहायचं. युद्धात गेलेल्यांच्या स्मारकाला नोव्हेंबरमध्ये फुलांचं चक्र वाहायचं. कुणी शंभर वर्षांचं झालं आणि घरच्यांनी बोलावलं तर त्याच्याकडे जायचं. एकट्याने हे सगळं होत नाही, म्हणून हाताखाली डेप्युटी असतात. ताईच्या काउंटीत या पदावर एक बाई आहेत, पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी ताईला चहाला बोलावून विचारलं होतं.

मी माझे प्रश्न विचारले. पगार नाही. गाडी नाही. पुरुषांना तलवारीचा गणवेश असतो, बायकांना तो नसतो, फक्त छातीवर बॅज. अधिकार कसलाही नाही.

"मग मिळतं काय?"

"बोलावणं," ती म्हणाली आणि दुसरं थालीपीठ घेतलं.

मग तिने अट सांगितली. डेप्युटीने त्या काउंटीत राहायला हवं, नाहीतर हद्दीपासून सात मैलांच्या आत. मी फोन काढून पाहिलं. फ्रिस्कोपासून तिच्या गावापर्यंतचं अंतर साडेचार हजार मैलांना जरा कमी भरतं. आणि ग्रीन कार्डाची अटही मला पाठ होती. ज्याला ते मिळतं त्याने इथेच घर करायचं असतं, वर्षातून एकदा येऊन तोंड दाखवून चालत नाही. दोन्ही एकत्र बसत नव्हतं. ताईने बाईंना फेब्रुवारीअखेर उत्तर द्यायचं कबूल केलं होतं.

"आणि तू काय ठरवलंस?" मी विचारलं.

"ते ठरवायलाच आले ना इकडे."

त्या दिवसापासून मला स्वस्थ बसवेना. थंडीची लाट येणार म्हणून मी बाहेरच्या नळांना दोनदोनदा फडकी गुंडाळली. गॅरेज आवरलं, पुन्हा विस्कटलं. ऑफिसात बेरजा जुळत होत्या, पण जेवणाच्या सुट्टीत मी गाडीत बसून त्या पदाचा इतिहास वाचत होतो. मला वाटत होतं की त्यात कुठेतरी पोकळी सापडेल आणि ती दाखवून मी ताईला परावृत्त करीन.

पोकळी सापडली, पण वेगळीच. इंग्लंडात हे पद फार जुनं, पण स्कॉटलंडात सगळ्या काउंट्यांना कायमचे लॉर्ड लेफ्टनंट मिळाले ते अठराव्या शतकाच्या अखेरीला, फ्रान्सशी युद्ध चालू असताना. राजाला भीती होती की फ्रेंच किनाऱ्यावर उतरतील आणि आपलेच लोक त्यांना सामील होतील. म्हणून प्रत्येक काउंटीत एक बडा जमीनदार नेमला. त्याचं काम गावोगावच्या तरुण पोरांतून सक्तीची शिबंदी उभी करणं. गावच्या शाळामास्तरांनी पोरांच्या याद्या करायच्या आणि त्यातून चिठ्ठ्या टाकून नावं काढायची. लोक भडकले. मास्तरांच्या घरांवर चालून गेले, याद्या हिसकावून जाळल्या. एका खाणीच्या गावात डेप्युटी मंडळी खानावळीत बसून याद्या तपासत होती, बाहेर जमाव दगड मारत होता, आणि सैन्याने गोळ्या घातल्या. माणसं मेली. म्हणजे ताईला जी खुर्ची मिळणार होती, तिच्यावर पूर्वी बसलेली माणसं ही.

पुढे शिबंदी सरकारच्या युद्धखात्याकडे गेली. मग एकेक काम निघून गेलं. कित्येक ठिकाणी हे पद बापाकडून मुलाकडे, ड्यूककडून ड्यूककडे चालत राहिलं, पण हातात काही उरलं नाही. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे पन्नासएक वर्षांपूर्वी स्कॉटलंडने कारभारासाठी काउंट्याच मोडीत काढल्या. ताई ज्या काउंटीची प्रतिनिधी होणार ती कर घेत नाही, रस्ते बांधत नाही, शाळा चालवत नाही. ती फक्त राजाच्या प्रतिनिधीसाठी नकाशावर ठेवलेली आहे. सात मैल मोजायचे ते अशा हद्दीपासून.

हे मी संध्याकाळी ताईला सांगितलं. मला वाटलं, तिला धक्का बसेल. ती मेथी निवडत होती.

"आपल्याकडे होळीचं काय होतं?" ती म्हणाली.

कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात होळी पहिल्यांदा पेटवायचा मान एका घराचा. त्या घराची पाटीलकी जाऊन किती वर्षं झाली होती, जमीनही कुळांकडे गेली होती. तरी त्या घरातला माणूस येईपर्यंत लाकडं तशीच थांबायची. एका वर्षी तो माणूस पुण्याहून येणारी एसटी चुकली म्हणून उशिरा आला. सगळा गाव अंधारात पोळ्यांची ताटं घेऊन उभा, पोरं रडवेली झालेली, पण कुणी काडी ओढली नाही. आमचे वडील त्यावर चिडून बोलायचे. म्हणायचे, मान आहे पण काम नाही, हे म्हणजे बिनइंजिनाची गाडी. ताईने ते लक्षात आणून दिलं आणि म्हणाली, की ती तेव्हा वडिलांच्याच बाजूची होती. आता नक्की कुठल्या बाजूची आहे ते तिला सांगता येत नव्हतं.

तिला आणखीही एक शंका होती, आणि ती तिने स्वतःच काढली. "त्यांना फोटोत एक सावळा चेहरा हवा असेल. हे मला कळत नाही असं समजू नकोस."

"मग?"

"मग काय. तो चेहरा गेली पस्तीस वर्षं काउंटरमागे होताच की. तेव्हा कुणी फोटो काढला नाही."

हे रागाने म्हणाली की गमतीने, मला कळलं नाही. ती देठं गोळा करून कचऱ्यात टाकायला उठली.

तिकडे असताना ती रोज सकाळी चालायची. नदीच्या कडेने जायचं, चर्चला वळसा घालून पोस्टापुढून परत. इकडेही तिने बूट घातले आणि निघाली. आमच्या घरापासून औषधांचं दुकान चार मिनिटांवर आहे, गाडीने. पायी गेलं तर कॉलनीचा फुटपाथ शेवटच्या घराशी संपतो आणि पुढे सहा पदरी रस्ता लागतो. ताई गवतावरून चालत गेली. तीन वेगवेगळ्या माणसांनी गाडी थांबवून तिला विचारलं, तुम्ही ठीक आहात ना, कुणाला फोन करू का. तिसरी बाई तर आमच्याच गल्लीतली होती. तिने ताईला गाडीत घालून घरी आणून सोडलं आणि माझ्या बायकोला हळूच सांगितलं, की तुमच्या मदर-इन-लॉ वाट चुकल्या होत्या.

ताई हसत होती. म्हणाली, लोक फार चांगले आहेत. मी मात्र त्या दुपारी नकाशा उघडून तिच्यासाठी चालण्याचा दुसरा रस्ता शोधला. तलावाभोवती एक छान वाट आहे. तिथपर्यंत पोचायला गाडी लागते.

मुलीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी मुद्दाम विषय काढला. मला वाटलं, ती माझ्या बाजूने बोलेल, आणि ती बोललीही, पण माझ्या कारणासाठी नाही. "आत्या, लाइक, किंगसाठी? सीरियसली?" ती म्हणाली. मग ब्रिटिशांनी आपल्यावर काय काय केलं याची तिने इंग्रजीत झाडाझडती घेतली, आणि ताईने मराठीत तिला विचारलं, की तू जेवलीस का. मुलगी म्हणाली, "आय विल, आत्या." पण फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, की आत्या इथे आली तर तिला आवडेलच, फक्त ती काय करेल इथे, डॅड दिवसभर ऑफिसात असतो.

आता हे प्रकरण घरातच राहिलं असतं. पण बायकोने मराठी मंडळाच्या सेक्रेटरीला बोलता बोलता सांगितलं. मंडळाचा प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम त्या शनिवारी होता, आणि सत्काराला कुणी पाहुणा मिळत नव्हता. दोन तासांत ग्रुपवर जाहिरात आली. झेंडा, कबुतरं, आणि मधोमध ताईचा फोटो, खाली लिहिलेलं: राजाच्या प्रतिनिधींचा भव्य सत्कार. मी ताबडतोब फोन करून सांगितलं, की एक तर त्या अजून प्रतिनिधी नाहीत, दुसरं म्हणजे त्या झाल्याच तर प्रतिनिधींच्या डेप्युटी होतील, आणि तिसरं म्हणजे प्रजासत्ताक दिनाला राजाच्या माणसाचा सत्कार म्हणजे काय. सेक्रेटरी म्हणाली, काका, जाहिरात फॉरवर्ड झाली, आता कशी मागे घेऊ. ती माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असेल.

कार्यक्रम भाड्याने घेतलेल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. झेंडावंदन झालं, मुलांनी राष्ट्रगीत म्हटलं, बटाटेवड्यांचा वास सगळीकडे भरला होता. संक्रांतीचे दिवस होते, म्हणून दाराशी तिळगूळ आणि हळदीकुंकू होतं. सत्कार दोन होते. पहिला गावातल्या मुलींना कथक शिकवणाऱ्या एका बाईंचा. सेक्रेटरीने त्यांना हळदीकुंकू लावलं, मग शाल, नारळ, आणि खणानारळाने ओटी भरली. मग ताईला बोलावलं. कुंकवाचं ताट टेबलावरच राहिलं. सेक्रेटरीने थेट शाल उचलली, नारळ दिला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

बायकोने माझा हात घट्ट धरला. नंतर कळलं, की आदल्या दिवशी सेक्रेटरीने फोन करून तिला आडून विचारलं होतं, ताईंचे मिस्टर सोबत येणार आहेत का. बायकोने जे खरं ते सांगितलं होतं. त्यावरून मंडळाने ठरवलं, की वगळलेलं बरं, उगाच कुणाला अवघडल्यासारखं नको. मनात वाईट काही नव्हतं. मला आजही तसंच वाटतं. पण एकाच व्यासपीठावर पाच मिनिटांच्या अंतराने दोन बायका उभ्या, आणि एकीच्या कपाळावर जे लावलं ते दुसरीच्या नाही, हे त्या हॉलमध्ये प्रत्येकाने पाहिलं.

ताई शाल अंगावर घेऊन टेबलाशी गेली, ताट उचललं, आणि सेक्रेटरीपुढे धरलं.

"अगं, मला राहिलं," ती म्हणाली. माइक जवळ होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

सेक्रेटरीचा चेहरा लाल झाला. तिने कुंकू लावलं. घाईत ते जरा तिरकं लागलं. ताईनेही तिला लावलं, आणि मग दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. टाळ्या पुन्हा वाजल्या, या वेळी जरा जास्त.

मग ताईला बोलायला सांगितलं. तिने भाषण केलं नाही, एक गोष्ट सांगितली. तिच्या गावात एक म्हातारी होती, ताई तिला वर्षानुवर्षं रक्तदाबाच्या गोळ्या द्यायची. ती शंभर वर्षांची झाली त्या दिवशी लॉर्ड लेफ्टनंट बाई टोपी, हातमोजे घालून राजाचं शुभेच्छापत्र घेऊन तिच्याकडे गेल्या. घरच्यांनी ताईलाही बोलावलं होतं. म्हातारीला ऐकू येत नव्हतं. बाई मोठ्याने पत्र वाचत होत्या आणि म्हातारी त्यांच्या खांद्यावरून ताईकडे बघत होती. वाचून झाल्यावर म्हातारीने ताईला विचारलं, गोळ्या आणल्यास का. ताईच्या पर्समध्ये गोळ्या होत्या. तिने दिल्या. म्हातारी बाईंना म्हणाली, आता बोला. हॉलमध्ये सगळे हसले. ताई म्हणाली, त्यानंतर आठवड्याभरात बाईंनी तिला चहाला बोलावलं.

पहिल्या रांगेत कुणाचे तरी वडील बसले होते, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले, निवृत्त मुख्याध्यापक. ते उठले. सगळ्यांना वाटलं, कौतुक करतील.

"ताई, एक विचारतो, राग मानू नका," ते म्हणाले. "आज प्रजासत्ताक दिन. आपण ज्यांचं राज्य घालवलं त्यांच्या राजाच्या वतीने तुम्ही उभ्या राहणार. आणि आम्ही तुम्हाला शाल द्यायची?"

"काका, मी अजून हो म्हटलेलं नाही," ताई म्हणाली. "सत्कार तुम्हीच घाईने केलात. शाल परत हवी असेल तर देते, पण नारळ ठेवून घेते."

काकाही हसले. पण खाली बसताना म्हणाले, की प्रश्न तो नव्हता. ताई म्हणाली, प्रश्न तो नव्हता हे तिलाही माहीत आहे, आणि उत्तर तिच्याकडे अजून नाही. त्यानंतर वडे आले.

घरी जाताना बायको तिच्या गाडीने पुढे गेली, ती मंडळाची भांडी नेत होती. ताई माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर नारळ. सिग्नल लागला. मी म्हणालो, की झालं ते फार वाईट झालं, आणि यामुळे तू इथलं मन काढून घेऊ नकोस.

"कुंकवाचं म्हणतोस? ते तिथल्या तिथे मिटलं. ती पोर तिला शिकवलं तसं वागली."

"मग काय ठरवलंस?"

सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला, डावीकडे वळायची पाळी आमची आलीच नाही.

"तू मला का बोलावतोयस?" तिने विचारलं.

"तू एकटी आहेस म्हणून."

"तुझं मोजमाप चांगलं असतं. नीट मोज. तिथे एकटी आहे का मी?"

मी मोजलं. मोजायची सवयच आहे. तिच्या फोनवर सकाळपासून किती जणांनी विचारलं होतं, परत कधी येणार. फुलवाला, शेजारीण, चर्चमधला पियानो वाजवणारा, जो ताई देव मानत नाही हे माहीत असून तिला दर रविवारी सूप आणून देतो. नंतर मी आमचं मोजलं. मुलगी गेल्यापासून शनिवारी आमच्याकडे कोण येतं. बायकोचे झूमवरचे क्लास. माझी ती खालची बेडरूम, जिच्या बाथरूममधला दांडा मी दर रविवारी हलवून बघतो, घट्ट आहे ना.

"बरं," मी म्हणालो. "थोडं माझ्यासाठीही."

"हं. हे तू वीस वर्षांपूर्वी अर्जात लिहायला हवं होतंस." मग ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "इथे मी तुझी बहीण म्हणून येईन. ते मी तिथेही आहेच. बाकी दिवसभर मी काय करायचं, ते तुला सांगता येतंय का?"

मला तलावाची वाट आठवली, पण ती बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. शेवटी आम्हाला वळायला मिळालं.

ताई ठरल्याप्रमाणे परत गेली. बूट नेले, शाल बायकोला दिली. फेब्रुवारीत तिने बाईंना होकार कळवला, आणि तो कळवण्याआधी मला फोन करून सांगितला. मी त्यावर बोललो ते रुक्षच होतं. म्हणालो, मग अर्ज सोडून द्यायचा का. ती म्हणाली, अजून मुदत आहे, राहू दे, मुदत संपेपर्यंत माणूस मरू शकतं किंवा शहाणंही होऊ शकतं. मी त्या रात्री नीट जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक बेरीज चुकवली, जे माझ्याकडून वर्षानुवर्षं झालेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये तिचा पुन्हा फोन आला. नेमणूक झाली होती. शनिवारची दुपार होती, मी पलंगाच्या पायांखाली ठोकळे घालून त्याची उंची पहिल्यासारखी करत होतो. तिचं पहिलं काम ठरलं होतं, नव्या नागरिकांचा समारंभ. सोळा जण होते, त्यात एक जोडपं नागपूरचं. ताई स्वतः नागरिक झाली तेव्हा असले समारंभ सुरू झाले नव्हते, तिला पोस्टाने कागद आला होता. मी इथे शपथ घेतली तेव्हा मात्र मोठा हॉल होता, आणि त्या शपथेत मी कुठल्याही परक्या राजाशी माझा संबंध उरला नाही असं उजवा हात वर करून म्हटलं होतं. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग तू आता माझ्याशी बोलतोयस ते नियमात बसतं का बघ.

मी विचारलं, की ही नेमणूक मंजूर कोण करतं. स्वतः राजा?

"बाई नाव सुचवतात आणि राजाला कळवतात. राजा हो म्हणत नाही."

"हो म्हणत नाही म्हणजे?"

"नियमात मंजुरी हा शब्दच नाही. राजाने नापसंती कळवली नाही, एवढंच पाहायचं. नाही कळवली की नेमणूक झाली."

मी ठोकळा हातात धरून बसलो. असला नियम मी हिशेबाच्या कुठल्याच पुस्तकात पाहिलेला नाही. आमच्याकडे सही नसेल तर काहीच मंजूर होत नाही.

"तू काही बोलला नाहीस अजून," ताई म्हणाली. "फेब्रुवारीतही नाही बोललास. मी हो म्हटलं ते तुला आवडलं नाही, माहितेय मला."

मी म्हणालो, की आवडलं असं मी म्हणणार नाही.

"आणि नापसंती?"

खिडकीबाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन चालू होतं, त्यामुळे मला उत्तर द्यायला जरा वेळ लागला हे तिला कळलं नसेल. मी म्हणालो, नाही, नापसंती कळवत नाही. ती म्हणाली, मग झालं, आणि मला विचारू लागली, की समारंभाला साडी नेसू की कोट घालू, बाहेर वारा फार आहे.